‘पिशवीचं तोंड शेकून घ्या’ म्हणालेत, काय करू?

पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

माझं वय २८. सात महिन्यांपूर्वी पहिलं बाळंतपण झालं, नॉर्मल. मुलगी आहे, जन्मली तेव्हा तीन किलो शंभर ग्रॅम होती. खाली टाके पडले होते, ते भरून आले. बाळाला अंगावर पाजते, वरचं खाणंही सुरू केलंय. पाळी अजून आलेली नाही. मागच्या महिन्यात तांबी बसवायला गेले, तर तपासून म्हणाले की पिशवीच्या तोंडाला जखम आहे, आधी ते शेकून घ्या, मग तांबीचं बघू. कागदावर ‘पॅरस ऑस, इरोजन, नाबोथियन सिस्ट’ असं लिहिलंय. सोनोग्राफीत ‘युटेरस माइल्डली बल्की’ आलंय. दोनदा संबंधानंतर लाल डाग लागला होता, पण तिथे पुरुष डॉक्टर होते, मी ते बोलले नाही.

सासूबाई म्हणतात, जोर लावताना तोंड फाटलं, ते उघडंच राहिलं, पुढच्या खेपेला टाका घालावा लागेल, नाहीतर मूल टिकायचं नाही. माझ्या चुलत जावेची पिशवी अशाच जखमेपायी पस्तिसाव्या वर्षी काढली. मला रात्र रात्र झोप नाही. तोंड पूर्वीसारखं होईल का? दुसरं मूल राहील ना? शेकून घेऊ का?

– एक वाचक, जत तालुका

उत्तर

शेकायची तारीख घेतली असेल तर ती पुढे ढकला. आणि जी गोष्ट तुम्ही लाजून सांगितली नाहीत ती आधी सांगून या, कारण तुमच्या सगळ्या पत्रात तपासायला लागणारी तेवढी एकच गोष्ट आहे. कागदावर जे लिहून आलंय त्यातलं बहुतेक सगळं म्हणजे तुम्हाला मूल झालेलं आहे, एवढंच. ते तुम्हाला माहीत होतंच.

आता जरा सविस्तर सांगते. पिशवीचं तोंड म्हणतो तो भाग म्हणजे गर्भाशयाची खालची मान, साधारण तीन ते चार सेंटिमीटर लांब. तिला दोन दारं असतात. एक आतलं, पिशवीत उघडणारं. एक बाहेरचं, योनीत उघडणारं. तपासताना डॉक्टरांना दिसतं ते बाहेरचं. सासूबाईंचा सगळा घोळ या दोन दारांचा आहे, म्हणून हे लक्षात ठेवा.

ही मान स्नायूंची बनलेली असते असं पुष्कळ जणींना वाटतं. तशी ती नाही. तिच्यात स्नायू थोडा, दहा-पंधरा टक्के असेल, बाकी सगळं कोलॅजनच्या घट्ट धाग्यांचं विणकाम. नऊ महिने बाळाचा भार पेलायचा तर हे विणकामच लागतं. एरवी बोटाला ही मान नाकाच्या शेंड्याइतकी टणक लागते, दिवस भरत आले की ओठासारखी मऊ होते. शेवटच्या काही आठवड्यांत ते धागे सुटे होतात, त्यांच्यात पाणी भरतं, आणि मग कळांनी मान आखडत आखडत कागदासारखी पातळ होते. लेबर रूममध्ये ‘दोन बोटं उघडलंय’, ‘चार बोटं झालं’ हे तुम्ही ऐकलं असेल. तो हिशोब बाहेर येणाऱ्या डोक्यासाठी दहा सेंटिमीटरपर्यंत जातो. पहिलटकरणीत मान आधी पातळ होते आणि मग उघडते. दुसऱ्या खेपेला दोन्ही कामं बरोबरीने चालतात, म्हणून दुसरं बाळंतपण बहुधा लवकर आटपतं.

तीन-चार सेंटिमीटरच्या नळीतून तीन किलोचं बाळ गेल्यावर काही खूण राहणारच. बाळ झाल्या झाल्या पाहिलं तर ते तोंड लोंबतं, सुजलेलं, काळंनिळं असतं, कडेला बारीक बारीक चिरा असतात. त्या जवळजवळ प्रत्येक पहिलटकरणीला पडतात, आणि रक्त वाहत नसेल तर त्यांना कुणी हातही लावत नाही, त्या आपोआप भरतात. दोन-तीन दिवसांनी त्यात दोन बोटं जातात, आठवड्याच्या अखेरीला एक बोटही मुश्किलीने. साधारण दोन आठवड्यांत आतलं दार मिटतं. तुमचं ते साडेसहा महिन्यांपूर्वी मिटलेलं आहे.

बाहेरचं दार मात्र पूर्वीसारखं होत नाही, आणि व्हायची गरजही नसते. मूल न झालेल्या बाईचं बाहेरचं दार म्हणजे छोटं गोल छिद्र. नॉर्मल बाळंतपणात ते दोन्ही कडांना थोडं उसवतं, आणि भरून आल्यावर आडवी चीर राहते, वर एक ओठ, खाली एक ओठ. ‘पॅरस ऑस’ म्हणजे एवढंच: मूल झालेल्या बाईचं तोंड. हा आजार नाही, निदानही नाही. तुमच्या आईचं, सासूबाईंचं, माझंही तसंच आहे. कळा सुरू व्हायच्या आधीच सिझेरियन झालं असेल तर ते गोल राहतं. बरेच तास कळा देऊन, तोंड उघडल्यावर सिझर झालं तर त्यातही फरक पडतो.

मोठी चीर पडते ती वेगळी. मान पूर्ण उघडायच्या आतच जोर लावायला लावलं, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावावा लागला, बाळंतपण फार झपाट्याने झालं, अशा वेळी कधी कधी तोंड खोलवर फाटतं. ते लपून राहत नाही. पिशवी घट्ट आवळलेली असते आणि तरी लालभडक रक्त वाहत राहतं. मग डॉक्टर चांगला उजेड घेऊन तोंडाचे ओठ पकडून गोल फिरत सगळी कड तपासतात आणि तिथल्या तिथे शिवतात. असं काही झालं असेल तर तुमच्या डिस्चार्ज कार्डावर ‘सर्व्हायकल टिअर’ लिहिलेलं असेल. काढून बघा. तुम्ही म्हणता ते ‘खालचे टाके’ म्हणजे एपिझिओटॉमीचे, बाळ यायला जागा म्हणून दिलेल्या छेदाचे, योनीच्या दाराशी, वरच्या तोंडाशी त्यांचा काही संबंध नाही. घरोघरी या दोन्हींची गल्लत होते आणि ‘टाके पडले’ याचा अर्थ ‘पिशवी फाटली’ असा जाऊन बसतो.

आता ती ‘जखम’, कागदावरचं ‘इरोजन’. मानेच्या आतल्या नळीला जे अस्तर असतं ते पेशींच्या एकाच थराचं, नाजूक, चिकट स्राव करणारं. बाहेरच्या बाजूला असतं ते अनेक थरांचं, जाड, फिकट गुलाबी. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक वाढतं, मान फुगते, आणि आतलं अस्तर थोडं बाहेर उलटतं. बाळंतपणात दार रुंदावलं की ते अजून दिसायला लागतं. एकच थर असल्याने त्याखालच्या रक्तवाहिन्या आरपार दिसतात, म्हणून तो भाग लालबुंद, कातडी निघाल्यासारखा वाटतो. पण तिथे कातडी गेलेली नाही, पू नाही, किडलेलं काही नाही. आतली निरोगी बाजू बाहेर दिसते आहे. मासिक पाळी सुरू झालेल्या मुलींत, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत हेच दिसतं. बाहेर आलं की योनीतल्या आम्लाशी गाठ पडते आणि ते अस्तर हळूहळू जाड थरात बदलत जातं. काही महिने लागतात, कुणाला वर्षं.

हा जाड थर चढताना खालच्या स्रावग्रंथींची तोंडं काही ठिकाणी बुजतात, स्राव आत साठतो आणि पिवळट पांढरे मोत्याएवढे फुगवटे येतात. ते तुमचे ‘नाबोथियन सिस्ट’. लाइपझिगच्या मार्टिन नाबोथ या डॉक्टरने 1707 साली त्यांचं वर्णन केलं आणि ती त्याला स्त्रीची अंडी वाटली! अंडी नव्हती, आणि तीनशे वर्षांनंतर आपल्याकडे ती गाठ वाटते, तीही नाही. त्यांना काही करायचं नसतं. एवढं खरं की ते दिसले म्हणजे तुमचं अस्तर भरून येण्याचं काम चालू आहे.

‘माइल्डली बल्की’ म्हणजे पिशवी किंचित मोठी, त्याचंही तसंच. मूल न झालेल्या बाईत पिशवीचं अंग आणि मान यांची लांबी जवळपास सारखी असते. मूल झाल्यावर अंग मानेच्या दुप्पट भरतं आणि तसंच राहतं. बाळंतपणानंतर लगेच किलोभर वजनाची असलेली पिशवी सहा आठवड्यांत शंभर ग्रॅमच्या आत येते, पण अगदी कुमारिकेएवढी होत नाही. सोनोग्राफीच्या यंत्राला तुम्ही आई आहात हे ठाऊक नसतं, रिपोर्ट लिहिणाऱ्याने ते लक्षात घ्यायचं असतं.

तर शेकायचं काय? कॉटरी (जाळून शेकणं), क्रायो (गोठवून शेकणं) हे उपचार वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. फार स्राव जातो, संबंधानंतर वारंवार रक्त दिसतं, तपासण्या सगळ्या निर्मळ आहेत, आणि बाई वैतागली आहे, तर शेकून बरं वाटतं. त्यानंतर दोन-चार आठवडे पाण्यासारखं अंगावरून जातं, ते आधी सांगावं लागतं. पण स्मिअर, म्हणजे तोंडावरच्या पेशींची तपासणी, न करता शेकणं हे मला अजिबात पटत नाही. खाली काही गडबड असेल तर ती झाकली जाते, आणि नसेल तर निरोगी अस्तर जाळल्याचे पैसे भरता. तुम्हाला अजून मूल हवं आहे. मानेला जितकं कमी छेडाल तितकं बरं. मानेचा तुकडा कापून काढणारी शस्त्रक्रिया झालेल्या बायकांत पुढचं बाळ लवकर येण्याचा धोका वाढतो, हे चांगलं माहीत आहे. तसला धोका साध्या नॉर्मल बाळंतपणाने येत नाही. सासूबाईंना हे सांगा: तोंडाची भीती बाळंतपणाची कमी आणि हत्यारांची जास्त.

दुसरी गोष्ट, अशी लाली तांबीच्या आड येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमांतही ती अडचण मानलेली नाही. अडचण असते ती पुवाचा स्राव असेल तर, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर. आणि तो तुम्हाला होतोय, दोनदा झालाय. म्हणून म्हटलं, ते सांगून या.

संबंधानंतर लाल डाग लागण्याची कारणं पुष्कळ. तुमच्या बाबतीत सगळ्यात साधं कारण कोरडेपणाचं असू शकतं. अंगावर पाजताना इस्ट्रोजेन खाली जातं, योनी कोरडी होते, घासलं जातं. पाण्याचं वंगण वापरून फरक पडतो का बघा. दुसरं कारण हेच उलटलेलं अस्तर, ते स्पर्शाने थोडं रक्त देतं. तिसरं म्हणजे मोड, त्याला पॉलिप म्हणतात. चौथं म्हणजे जंतुसंसर्ग. आणि पाचवं, तुमच्या वयात क्वचित दिसणारं पण नाकारून चालत नाही असं, पेशींतला बदल, जो पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो. हे पाचही डोळ्यांनी बघून आणि पॅप स्मिअर करून वेगळे करता येतात. स्मिअर म्हणजे तोंड दिसावं म्हणून योनी उघडी धरणारं हत्यार घालून तोंडावरून छोटा ब्रश फिरवायचा, काही मिनिटांचं काम, भूल लागत नाही. जायच्या आधी दोन दिवस संबंध नको, आतल्या गोळ्या-मलम नको. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांच्या आत केलेला स्मिअर सुजेमुळे फसवा येऊ शकतो, तुमचे ते दिवस कधीच गेले. पुरुष डॉक्टरांपुढे बोलायला अवघड जातं हे मी समजू शकते. तसं असेल तर बाई डॉक्टर शोधा, किंवा एका चिठ्ठीवर ‘संबंधानंतर दोनदा लाल डाग, बाळंतपणाला सात महिने’ एवढं लिहून टेबलावर ठेवा. बोलायला लागत नाही.

चाचणी करा म्हणते त्यामागे आपल्याच भागातला पुरावा आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने ३० ते ५९ वयाच्या 1,31,746 बायकांवर मोठं काम केलं. 2009 मध्ये ते प्रसिद्ध झालं. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने, म्हणजे या कर्करोगामागच्या विषाणूच्या तपासणीने, आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. सरकारी कार्यक्रमात आज तीस वर्षांपासून पुढे, पाच वर्षांतून एकदा, तोंडाला व्हिनेगरसारखं पातळ आम्ल लावून तपासतात. तुम्ही २८च्या असलात तरी लक्षण असल्यावर वयाची वाट बघायची नसते. पुष्कळ बाळंतपणं झालेल्या बायकांत हा कर्करोग जास्त दिसतो, हेही खरं. पण मूळ कारण एचपीव्ही विषाणू. तो नसताना बाळंतपणाने कर्करोग होत नाही.

तुमच्या जावेबद्दल मला खेदाने लिहावं लागतंय. तिच्या बाबतीत आत आणखी काय होतं ते मला माहीत नाही, म्हणून निकाल देत नाही. पण ‘तोंडाला जखम, पांढरं जातंय, पुढे कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका’ हे चार वाक्यांचं शास्त्र मराठवाड्यात आणि आपल्याकडे फार चाललंय. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. सुमारे ८२ हजार बायकांच्या पाहणीत तेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येक चाळिशीच्याही आतल्या. कुणी तुम्हाला अशा लालीसाठी पिशवी काढायला सांगितली, तर फाइल उचला आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जा.

आता टाक्याचं. सासूबाई ज्याबद्दल बोलतात तो टाका खरा आहे, आणि तो आपल्याच माणसाने जगाला दिला. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर, गोव्यातल्या शिरोड्याचे, मुंबईत जे. जे. रुग्णालयात काम केलेले. 1955 मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली. मांडीतला पांढरा चिवट पडदा पट्टीसारखा कापून घेऊन ते पिशवीच्या मानेभोवती आवळत. आज धागा वापरतात, पण जगभरचे डॉक्टर अजून ‘शिरोडकर स्टिच’च म्हणतात. तो कुणाला? जिचं मूल चौथ्या-पाचव्या महिन्यात कळा न येता, फारसं न दुखता अलगद निसटतं, आणि असं पुन्हा पुन्हा होतं, तिला. किंवा जिचं आधीचं बाळ फार लवकर आलं आणि या वेळी सोनोग्राफीत मान २५ मिलिमीटरच्या आत आखडलेली दिसते, तिला. त्यात सैल पडतं ते आतलं दार. तुमचं मूल पूर्ण दिवसांचं, पहिल्याच खेपेला. तुम्हाला टाक्याची गरज आहे असं सांगायला आज काहीही आधार नाही. पुढच्या वेळी अठरा ते वीस आठवड्यांना सोनोग्राफी होते तेव्हा ‘मानेची लांबी मोजा’ एवढं म्हणा. आणि शेवटच्या महिन्यात कुणी ‘एक बोट उघडलंय’ म्हणालं तर घाबरून रात्री गाडी काढू नका. दुसरेपणाला बाहेरच्या दारात बोट जातंच. कळा, पाणी, रक्त, यांपैकी काही असेल तर निघा.

सासूबाईंनी शेक-शेगडी, ओवा-बाळंतशेपाची धुरी केली असेलच. डिंकाचे, अळिवाचे लाडू खा, आवडत असतील तर. धुरी मात्र पिशवीच्या तोंडापर्यंत पोहोचत नाही, आणि ओल्या टाक्यांजवळ निखारे नेणं मला नको वाटतं. मान आवळायचा व्यायाम नाही, कारण तिथे आवळायला स्नायूच जेमतेम. कटितळाच्या स्नायूंचा व्यायाम, लघवी रोखल्यासारखं आवळून सोडायचं, तो जरूर करा. त्याचा उपयोग अंग बाहेर येण्याला आणि शिंकताना थेंब गळण्याला होतो. अंग बाहेर येणं हा पिशवीला धरून ठेवणाऱ्या बंधांचा आणि स्नायूंचा प्रश्न आहे, तोंडाच्या आकाराचा नाही.

एक राहिलं. पाळी आली नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत, असं समजू नका. फक्त अंगावर पाजणाऱ्या, पाळी न आलेल्या बाईला सहा महिन्यांपर्यंत बऱ्यापैकी संरक्षण असतं. तुमचे सात झाले आणि बाळ वरचं खातंय. तांबी बसेपर्यंत निरोध वापरा, आणि बसवायच्या दिवशी लघवीची तपासणी करून घ्या. स्मिअरचा रिपोर्ट चांगला आला आणि डॉक्टरांना पू दिसला नाही, तर त्याच भेटीत तांबी बसवता येते, शेकायची वाट बघावी लागत नाही. रिपोर्टात काही निघालं, किंवा वंगण वापरूनही डाग लागतच राहिले, तर तिथून पुढची पायरी कोल्पोस्कोपी: दुर्बिणीतून तोंड मोठं करून बघायचं. सांगली-मिरजेला ती होते. रिपोर्टची प्रत मला पाठवा, पुढच्या अंकात नाव न छापता उत्तर देईन.